मी पुसलेला पट्टा

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की तलाव दिसायच्या आधी आवाज आला. नाकातून काढल्यासारखा, 'आंग, आंग' असा. मी स्कूटर बांधावरच उभी केली, हातमोजे काढून सीटवर फेकले आणि कॅमेरा गळ्यात अडकवून अक्षरशः पळत सुटले. दोन हिवाळे मी ज्यांची वाट पाहत होते ते आले होते. पट्टकादंब. बदकापेक्षा मोठे, राखाडी अंगाचे हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळ्या रेघा, कुणीतरी बोटाने ओढल्यासारख्या. हिमालय ओलांडून येतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या वर्धा जिल्ह्यात येतात, हे ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहत होते पहिल्यांदाच.

मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. अठरा वर्षं झाली. दिवसभर माणसांची हाडं बघायची आणि रविवारी पाखरं. पवनारचा पूल ओलांडायचा, सेलू मागे टाकायचं आणि केळझर यायच्या थोडं आधी डावीकडच्या कच्च्या रस्त्याला लागायचं, की पाचव्या मिनिटाला हा तलाव. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आजूबाजूचे लोक हरभरा पेरतात, वांगी-टमाटर लावतात. काठावर एकच घर होतं. तिथल्या काकू मला ओळखायच्या. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या मेथीच्या वाफ्यात पोटावर पडून खंड्याचा फोटो काढत होते, तेव्हा त्यांनी मला वरून विचारलं होतं, "काऊन व बाई, बरं नाई का तुले?" तेव्हापासून आमची ओळख.

तर ती सकाळ. सूर्य वर आला, धुकं फाटलं, आणि तीस-पस्तीस पक्षी एकदम समोर. सगळे हरभऱ्यात चरत होते. त्यातला एक माझ्याकडे चालत आला. थांबला. मान ताठ केली आणि दोन्ही पंख उघडले. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. श्वास भिंगावर जाऊन बसत होता. पक्ष्याच्या गळ्यात काहीतरी निळसर दिसलं तेव्हा मला वाटलं, मासे पकडायच्या जाळ्याचा तुकडा असेल, नाहीतर प्लास्टिक. क्षणभर वाईट वाटलं. पण तो मजेत चरत होता, ऐटीत चालत होता. मग मी ते विसरले.

दुपारी सरळ मावसभावाच्या स्टुडिओत. तो लग्नाचे फोटो काढतो आणि फोटो सुधारायचं सगळं मला त्यानेच शिकवलं. त्याच्या मोठ्या पडद्यावर तो पंख उघडलेला पक्षी आला तेव्हा तोही खुर्चीवरून उठला.

"ताई, एकदम कडक! पण आभाळ फिकं हाय. केशरी करू?"

"कर."

"सूर्य थोडा मोठा करू?"

"सूर्य राहू दे."

"मागचा खांब काढू?"

"काढ."

"हे निळं काय हाय याच्या गळ्यात?"

"कचरा असेल," मी म्हटलं. आणि माऊस त्याच्या हातातून घेतला. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले की ते त्याने केलं. नाही. ते मी केलं. शेजारची पिसं उचलायची, निळ्यावर ठेवायची, कडा मिसळायच्या. मला ते चांगलं जमायला लागलं होतं आणि जमतंय याचा मला अभिमान होता. दहा मिनिटांत तो गळा असा स्वच्छ झाला की मलाच खरा वाटला. भाऊ म्हणाला, "आता तू माह्या इथं नवऱ्यांचे मुरूम पुसायले ये." आम्ही दोघं खूप हसलो.

तो फोटो आमच्या पक्षी पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि माझा फोन दिवसभर शांत झाला नाही. इतके अंगठे, इतकी फुलं. फक्त पुलगावच्या सरांनी एक ओळ लिहिली. हे सर निवृत्त शिक्षक, जिल्ह्यात कोणता पक्षी कधी कुठे दिसला याच्या वह्या कित्येक वर्षं लिहिणारे. त्यांनी लिहिलं, 'इतक्या धुक्यात आकाश इतके केशरी?' मला राग आला. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला सौंदर्य कळत नाही. वरून हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून मूळ फोटो तिथून काढून टाकले. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून पुढच्या रविवारसाठी रिकामं केलं. सुंदर झालेला एक फोटो हाती होता. बाकीचे शंभर कशाला ठेवायचे?

फेब्रुवारीच्या मध्यावर मी त्या फोटोची मोठी प्रत काढली, फ्रेम केली आणि काकूंना द्यायला गेले. त्यांच्याच शेतातला पक्षी होता. त्यांच्या हरभऱ्यावर पोसलेला. काकू अंगणात वांगी निवडत बसल्या होत्या. हात लुगड्याला पुसून त्यांनी फ्रेम घेतली, उन्हाकडे धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कौतुक ऐकायला आलेल्या माणसासारखी.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण हा कोणता व?"

"तुमच्या शेतातलाच, काकू. त्या कडेच्या हरभऱ्यातला."

"नाई. थ्या दिवशी तुह्यासमोर पंख उघडून उभा होता थो पट्टेवाला होता. म्या इथूनच पाह्यलं न. त्याच्या गळ्यात निळा पट्टा हाय. रोज येते थो, सगळ्याईच्या समोर चालते. हा त्याच्यासारखाच हाय, पण याच्या गळ्यात पट्टा नाई."

"तो कचरा होता," मी म्हटलं. "जाळ्याचा तुकडा. मी कम्प्युटरवर काढून टाकला."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या मुलीच्या कपाळावरचा तीळ खरवडून काढला असावा. "कचऱ्यावर कोणी लिव्हते का?"

"लिहिलं होतं?"

"पांढरं पांढरं काही लिव्हलेलं हाय त्याच्यावर. मले का वाचता येते इतक्या दुरून? पण लिव्हलेलं हाय."

मी हे वाचलेलं होतं! दूरदेशी पक्षी पकडतात, गळ्यात रंगीत पट्टा घालतात, त्यावर अक्षर आणि आकडे असतात, आणि सोडून देतात. मग तो जगात जिथे कुठे कुणाला दिसेल, त्याने कळवायचं, म्हणजे तो कुठून कुठे गेला ते समजतं. असा पट्टेवाला पक्षी दिसावा म्हणून लोक जन्मभर दुर्बीण घेऊन फिरतात. माझ्याकडे तो स्वतः चालत आला होता, समोर उभा राहिला होता, आणि मी त्याचं नाव-गाव पुसून टाकलं होतं.

परत येताना सेलूपर्यंत मला काही सुचलं नाही. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि हेल्मेटच्या आत कान तापले. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलाचा एक्स-रे घेऊन आले होते. मुलाच्या मनगटात जुनी भेग होती. भरतीची वैद्यकीय तपासणी होती. "मॅडम, एवढी बारीक रेघ, कम्प्युटरवर थोडी पुसता नाई येत का?" मी त्यांना असं फैलावर घेतलं होतं की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. उजेड कमी-जास्त करू शकते, मी म्हणाले होते, म्हणजे आत जे आहे ते डॉक्टरला नीट दिसावं. आहे ते नाहीसं करायला मी इथे बसलेली नाही. अठरा वर्षांत माणसाच्या एका हाडाला मी हात लावला नव्हता. आणि पाखराच्या गळ्याला लावला, कारण फोटो छान दिसावा.

स्टुडिओत पोचेपर्यंत मात्र लाज मागे पडली आणि एकच धडधड उरली. भावाच्या कम्प्युटरवर मूळ फोटो सापडले तर?

"डिलीट," भाऊ म्हणाला. तीन लग्नं एकदम अंगावर आली होती, त्याचे डोळे लाल होते. "ताई, सीझन चालू हाय. जागाच नाई राह्यली. फालतू सगळं उडवलं मागच्या हप्त्यात."

"फालतू?"

"तू बोलली होती न, फायनल झालं म्हणून!"

खरंच बोलले होते. आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक डिस्क पाहिली. कचऱ्याची पेटी पाहिली. जुने पेन ड्राइव्ह पाहिले. हळद, मेहंदी, वरात, पुन्हा हळद. एकही पंख नाही. घरी आले, जेवले नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं की माझ्या हातून असं असं झालं, आणि तीनदा लिहून तीनदा खोडलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना भावाचा फोन. आधी नुसतं हसणं. हसण्यात त्याला बोलताच येईना.

"ताई, पुलगावहून पार्टीचा फोन आलता. नवरीचा बाप. मले म्हणते, भाऊ, अल्बमसाठी फोटो निवडायले तुमी पेन ड्राइव्ह देल्ला, सगळं बरोबर हाय, पण आमच्या हळदीत हे बदकं कायले आले?"

मी दवाखान्याच्या त्या शांत खोलीत ओरडले. टेबलावर झोपलेल्या आजोबांनी विचारलं, "का झालं, मोडलं का?" म्हटलं, नाही आजोबा, सापडलं!

झालं होतं असं की गडबडीत त्याने माझं अख्खं फोल्डर हळदीच्या फोल्डरमध्ये ओढून टाकलं होतं, आणि तसंच त्या पेन ड्राइव्हवर उतरवलं होतं. नंतर जागेसाठी कम्प्युटरवरून उडवलं, तरी पेन ड्राइव्हवर ते राहिलं. कॅमेऱ्याने टिपलेले, कुणी बोट न लावलेले, सगळेच्या सगळे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुलगाव गाठलं.

त्या घरी मांडव अजून उतरला नव्हता. नवरीच्या वडिलांनी मला बसवलं, चहा दिला, लग्नातल्या बुंदीचं ताट पुढे केलं. पेन ड्राइव्ह हातात ठेवताना जरा ओशाळून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? आमच्या बाईलोकांनी त्यातले दोन बदकं निवडून ठेवले अल्बमसाठी. चालन का?"

"चालेल काय, दोन कशाला, चार घ्या!" मी म्हटलं.

तिथून सरांचं घर दोन गल्ल्यांवर. मी त्यांच्याकडे कधी गेले नव्हते. त्यांच्या त्या एका ओळीचा राग मी महिनाभर पोसला होता आणि आता त्यांच्याच दारात उभी होते. त्यांनी दार उघडलं. मी पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. पट्टा, माऊस, कचरा, हळद. ऐकता ऐकता त्यांनी कम्प्युटर सुरू केला. शेवटी फक्त म्हणाले, "लावा."

त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर एकेक फोटो उघडायला वेळ लागत होता. वरून खाली पडदा भरत यायचा. आधी राखाडी आभाळ. खरंच राखाडी होतं. मग खांब. मग डोकं, दोन काळ्या रेघा. मग निळा पट्टा. आणि त्यावर पांढरं. मी सरांचा दंड धरला. अनोळखी माणसाचा दंड! त्यांनाही ते लक्षात आलं नाही, कारण ते स्वतः पडद्यावर नाक टेकवून बसले होते.

"एच," सर म्हणाले. "एच आहे. मग सात."

"मग?"

शेवटचा आकडा गळ्याच्या वळणावर होता. अर्धा सावलीत, वर धुक्याचा थर. आम्ही उजेड वाढवला. सावली उचलली. एक्स-रेच्या खोलीत मी दिवसभर हेच करते, हात आपोआप चालले. आकडा गोलसर होता, इतकंच कळलं. एका फोटोत वाटायचं सहा. दुसऱ्यात वाटायचं आठ. तिसऱ्यात मान वळलेली.

मी ते दोन फोटो भावाला पाठवले. त्याच्याकडे अस्पष्ट फोटो धारदार करणारं नवं सॉफ्टवेअर होतं. दोन मिनिटांत पहिला परत आला आणि मी खुर्चीतून उडाले. पीस न् पीस मोजता येत होतं, आणि पट्ट्यावर स्वच्छ, ठसठशीत आठ.

"आठ! सर, आठ! एच अठ्ठ्याहत्तर!"

सरांनी चष्मा वर केला. "हा आठ पक्ष्याच्या गळ्यात आहे, की तुमच्या भावाच्या कम्प्युटरात?"

"म्हणजे?"

"दुसरा फोटो येऊ द्या."

दुसरा आला. तोही तितकाच स्वच्छ, तितकाच ठसठशीत. त्यावर सहा होता.

सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. तोच पक्षी, तीच सकाळ, दोन सेकंदांचं अंतर. यंत्राला जिथे दिसलं नाही तिथे त्याने आपल्या मनाने लिहून दिलं होतं. मी पुसलं त्या चुकीइतकीच ही चूक मोठी, फक्त उलट्या बाजूने. आणि मला सांगायला हरकत नाही, मला तो आठ हवा होता. मी तोच पाठवून मोकळी झाले असते.

"अंदाज नको," सर म्हणाले. "दिसतं तेवढंच लिहायचं. अजून आहेत का ते तलावावर?"

"काकू म्हणाल्या, रोज येतात."

"मग इथे काय करताय?"

रविवार अजून लांब होता. तोपर्यंत थांबायचं धैर्य नव्हतं, कारण उन्हं तापायला लागली की हे पक्षी उठतात आणि उत्तरेकडे निघून जातात. मी सहकारी बाईशी पाळी बदलून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी उजाडायच्या सुमाराला तलावावर होते. धुकं नव्हतं. आभाळ निळं, स्वच्छ. आणि तलाव रिकामा.

काकू बांधावर उभ्याच होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून घरामागून, तुरीच्या ताटांमधून, वाकत वाकत नेलं. पलीकडच्या उतारावर त्यांच्या दिराचा हरभरा होता. "तिकळे गेले आज," त्या कुजबुजल्या. "माह्यावालं संपवलं न." आम्ही बांधाआड बसलो. मी मान वर काढली. सगळे तिथे होते. पाठमोरे.

मी निळा रंग शोधत होते. एक, दोन, पाच. नाही. दहा. नाही.

"थो पाय. सगळ्याईच्या समोर," काकू म्हणाल्या.

होता. पण तोंड पलीकडे. मी लेन्स रोखली, कोपर मातीत रोवलं आणि थांबले. मुंग्या मनगटावर चढल्या. तो चरत होता, एकेक पाऊल पुढे. वळ, मी मनात म्हणत होते. वळ रे राजा. काकूंनी शेजारून एक बारीकसं ढेकूळ उचललं आणि, मी नको म्हणायच्या आत, डावीकडे लांब फेकलं. ढेकूळ पडल्याचा आवाज झाला. त्याने मान वर केली आणि वळून सरळ आमच्याकडे पाहिलं.

मी बटण दाबलं. एकदा नाही, चाळीसदा. उन्हात न्हालेला, पूर्ण, कोरडा गळा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. एच. सात. तीन.

तीन! ना आठ, ना सहा. उघड्या बाजूचा साधा तीन, ज्याला यंत्राने दोन्ही वेळा बंद करून टाकलं होतं. मी बांधाआडून उभी राहिले आणि ओरडले, "तीन, काकू, तीन!" आणि अख्खा थवा एका आवाजात उठला. पंखांचा वारा आमच्या डोक्यावरून गेला. काकूंचा पदर उडाला. त्या हसत हसत खाली बसल्या, "अवं, तीन कुठं, थे तर सगळेच उडाले न!"

त्याच दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. या वेळी खोडलं नाही. आधीचा केशरी फोटो, त्याच्याशेजारी मूळ राखाडी फोटो, आणि खाली, पट्टा मी पुसला होता, कचरा समजून. फोन हातातच धरून बसले. मग एकाने लिहिलं की त्याने मागच्या वर्षी खंड्याच्या चोचीतली गळाची दोरी पुसली होती, पक्षी वाचला की नाही त्याला माहीत नाही. मग दुसऱ्याने काही कबूल केलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कबुल्यांचा पूर आला होता आणि एकही अंगठा नव्हता. सरांनी शेवटी लिहिलं, 'मूळ फोटो कुणीही काढून टाकू नये.' बस, इतकंच.

एच त्र्याहत्तरची नोंद सरांनी आणि मी मिळून पट्टे घालणाऱ्या संशोधकांना पाठवली. तारीख, जागा, किती पक्षी होते, सोबत फोटो, फक्त कापून जवळ आणलेला. उत्तराला बरेच दिवस लागले. मी दर अर्ध्या तासाने मेल उघडायची. दवाखान्यात, भाजी घेताना, एकदा तर विहारात वंदना चालू असताना, ज्याबद्दल आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

उत्तर आलं तेव्हा मी जिन्यात होते आणि जिन्यातच बसले. तो पक्षी मंगोलियातल्या एका तळ्यावर पकडला होता. चार उन्हाळ्यांपूर्वी, पिल्लू असताना, उडता येत नव्हतं तेव्हा. त्यानंतर तो कुणालाही, कुठेही दिसला नव्हता. तो कुठे आहे, आहे की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, तुमची ही पहिली नोंद. मी भावाला फोन केला तर तो म्हणाला, "म्हणजे ताई, आपण त्याले मारूनच टाकलतं." मग लगेच, "आन् जिवंतबी आपणच केलं!"

भाऊ अजून नवऱ्यांचे मुरूम काढतो आणि त्याचं त्यावर एक ठाम मत आहे. "मुरूम हप्त्यानं जाते, ताई. जे जाणारच हाय थे म्या आधी काढलं. पट्टा जाणारा नव्हता." सरांना हेही पटत नाही. ते उजेड कमी-जास्त करण्यापलीकडे जात नाहीत. मी मधे कुठेतरी आहे आणि माझं अजून पक्कं झालेलं नाही. लेन्सवरची धूळ फोटोत आली तर मी ती पुसते, कारण ती माझ्याकडची आहे, तलावातली नाही. आभाळ केशरी करायचा मोह होतो. मागच्या महिन्यात एकदा केलंही, आणि तसं खाली लिहिलं. पक्ष्याच्या अंगावर मात्र माझा हात जात नाही.

त्या उत्तराची छापलेली प्रत आणि नवा फोटो घेऊन मी काकूंकडे गेले, पक्षी अजून उत्तरेकडे निघाले नव्हते. त्यांना मंगोलिया कुठे आहे ते हवं होतं. आम्ही ओसरीवर बसलो, मी फोनवर नकाशा उघडला आणि त्यांचं बोट केळझरवर ठेवलं. मग ते बोट हळूहळू वर नेलं. नागपूर मागे पडलं, नर्मदा गेली, गंगा गेली. पांढरं आलं तेव्हा त्या थांबल्या.

"हे का हाय?"

"बर्फ. हिमालय."

"आन् थो? याच्या खालून जाते?"

"वरून."

त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं. बर्फ संपायलाच तयार नव्हता. मग वाळवंट, मग डोंगर, मग एक छोटंसं निळं तळं. काकूंनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"इतक्या दुरून थो माह्या हरभऱ्यासाठी येऊन राह्यला?"

"हो."

त्या उठल्या. हरभऱ्याच्या उरलेल्या कडेच्या वाफ्याभोवती पाखरं बुजावीत म्हणून त्यांनी लाल लुगड्याच्या चिंध्या काठ्यांना बांधल्या होत्या. त्यातल्या पाण्याकडच्या चार काठ्या त्यांनी उपटल्या, काखेत घेतल्या आणि मला म्हणाल्या, "एकच वाफा देतो त्याले, सांगून ठेवजो. बाकीच्याईले नाई."

तिकडून, पाण्यावरून, पुन्हा 'आंग, आंग' असा आवाज यायला लागला आणि आम्ही दोघी चपला न घालता बांधाकडे पळालो.